नकाशावरचा आवाज

शाळेच्या मोठ्या खोलीच्या खिडक्यांना गोणपाट लावलं होतं. तरी एका फटीतून ऊन आत येत होतं आणि भिंतीवर प्रोजेक्टरने पाडलेल्या गावाच्या चित्रावर पांढरा पट्टा उमटत होता. इतिहासाच्या सरांनी गोणपाट ओढून पाहिलं. पट्टा तलावावरून सरकला, वीटभट्टीवर गेला आणि तिथेच राहिला.

पालकांना मुलांच्या बाकांवर बसवलं होतं. सातवीतल्या बारकीच्या आईचे गुडघे बाकाखाली मावेनात, म्हणून ती कडेला पाय सोडून बसली. भट्टीवर अजून नुसती माती येऊन पडत होती, विटा थापायला सुरुवात व्हायची होती, म्हणून तिला यायला जमलं होतं. नवरा मालकांचा ट्रॅक्टर चालवायचा, तो मातीच्या खेपांवर होता. सासऱ्यांना, आबांना, खास बोलावणं होतं. पण ते म्हणाले, "माझा आवाज ऐकायला मी तिथवर कशाला जाऊ?"

भिंतीवर गाव वरून दिसत होतं, पाखराला दिसावं तसं. लोक आपापली छपरं शोधत होते.

"माझं कुठं गेलं?"

"ते काय, दारात शेळी बांधलीय ते."

"शेळी विकून वर्ष झालं की."

"मग फोटो जुना असेल."

"जुना असेल तर त्यात माझा नवरा काम करताना दिसतो का बघा."

बाया हसल्या. पुढच्या खुर्चीवर बसलेले मालकही हसले. भट्टी त्यांची होती, शाळेच्या समितीचे अध्यक्ष तेच होते, आणि टेबलावर ओळीने ठेवलेले टॅबही त्यांनीच शाळेला दिले होते.

सरांनी थोडक्यात सांगितलं. सातवीच्या मुलांनी घरच्या म्हाताऱ्या माणसांना गावाबद्दल विचारलं होतं. जे ऐकलं ते टॅबवर रेकॉर्ड केलं आणि जिथलं होतं तिथे नकाशावर खूण लावली. खुणेवर बोट ठेवलं की आवाज येतो. "दुसऱ्या शाळांची मुलंही हा नकाशा बघू शकतात," सर म्हणाले. "एकच नियम केला. पाहिलेलं वेगळं ठेवायचं आणि ऐकलेलं वेगळं. आणि एकदा जोडलेलं कुणीही काढायचं नाही, नवीन काही कळलं तर पुढे जोडायचं."

पहिल्या खुणेतून एक आजी विहिरीवर बादली चोरणाऱ्या जावेला शिव्या घालत होती. ती जाऊ तिथेच बसलेली होती. खूप वेळ कुणाला हसू आवरेना.

मग बारकी पुढे गेली. तिने तलावाच्या बांधावर, पाणी सोडायच्या गेटजवळच्या खुणेवर बोट ठेवलं.

आबांचा आवाज खोलीत मोठा होऊन आला. घरात बोलत तसाच, मध्ये खोकत.

"पाऊस थांबत नव्हता. तलाव भरून भट्टीच्या अंगाला पाणी चढायला लागलं होतं. मी गेटवर चौकीदार. बांध कुठं पाझरतोय का ते बघायला पलीकडच्या टोकाला गेलो होतो. परत येतो तर गेट उघडलेलं. हँडल तसंच लावलेलं. थोरले मालक छत्री घेऊन बांधावर उभे, बरोबर दोघं. मी म्हणालो, मालक, खाली ओढ्यात कामाला आलेल्या लोकांची पालं आहेत. ते म्हणाले, उठवलंय त्यांना. कुणी उठवलं नव्हतं."

"आबा, हे तुम्ही पाहिलं की ऐकलं?" रेकॉर्डिंगमधली बारकी विचारत होती.

"पाहिलं. पालं गेली ती पाहिली. एक बाज तरंगत गेली, तिच्यावर पातेलं होतं. दिसेनाशी होईपर्यंत ते पातेलं पडलं नाही."

"हँडल कुठे असायचं?"

"आपल्याच घरी. दाराच्या मागे."

"मग ते गेटवर कुणी नेलं?"

"ते माहीत नाही. मी घरी नव्हतो. नंतर मी कुणाला विचारलंही नाही."

आवाज थांबला. गावात आजवर एवढंच सांगितलं जायचं, की त्या वर्षी पाण्याच्या जोराने गेट निखळलं. थोरले मालक, आताच्या मालकांचे वडील, जाऊन बरीच वर्षं झाली होती.

टाळी पहिल्यांदा वाजवली ती मालकांनी. मग सगळ्यांनी वाजवली. निघताना ते बारकीच्या आईपाशी थांबले. "पोरगी हुशार आहे. आबांची तब्येत बरी असते ना?"

"बरी असते."

"या वयात एकटं सोडू नका त्यांना. ओढ्याकडे वगैरे फिरायला जात असतील."

ती हो म्हणाली. काय कबूल केलं ते तिला घरी पोचेपर्यंत नीटसं कळलं नव्हतं.

*

घर म्हणजे भट्टीच्या जागेतली एक खोली आणि पुढे पत्र्याची पडवी. आबा पडवीतच असायचे. नवरा संध्याकाळी आला तो सगळं ऐकूनच आला होता. त्याने हात धुतले, ताटावर बसला आणि निम्मं जेवण झाल्यावर बोलला.

"तू तिथे बसलेली होतीस ना?"

"मला काय माहीत ते काय बोललेत."

"आणि तुम्ही," तो पडवीकडे वळला. "तुम्हाला काय गरज होती?"

"पोरीने विचारलं," आबा म्हणाले. "शाळेचं होतं."

"शाळेचं म्हणून काय ओढ्यातून मढी वर काढायची?"

"ती सापडलीच कुठे वर काढायला."

बारकी खाली मान घालून जेवत होती. नवऱ्याने ताटात हात धुतला. त्याने ताट असं अर्धं टाकलेलं बारकीच्या आईने कधी पाहिलं नव्हतं. मालकांच्या बाबतीत तो हळवा होता हे तिला ठाऊक होतं. लहानपणापासून त्याला थोरल्या मालकांनी जवळ केलं, मिसरूड फुटायच्या आत ट्रॅक्टरवर बसवलं, हे तो लग्नानंतर कितीदा तरी सांगत आला होता.

थापायचं काम सुरू झालं, तेव्हा मुकादमाने जागा वाटून दिल्या. त्यांची नेहमीची जागा पाण्याच्या टाक्याशेजारी होती. या वेळी तिथे दुसरं जोडपं बसलं आणि त्यांना पार टोकाला, बाभळीच्या खुंटापाशी पाठवलं.

"इथवर पाणी कुठून येणार?" तिने विचारलं.

"डोक्यावरून," मुकादम म्हणाला. बरोबरचे दोघं हसले.

नवऱ्याचा ट्रॅक्टर मुकादमाच्या मेहुण्याकडे गेला. मेहुण्याला मागे घेताना ट्रॉली सरळ ठेवता येत नव्हती. पहिल्याच दिवशी त्याने टाक्याचा कठडा पाडला. त्याला कुणी काही बोललं नाही. नवरा घमेल्याने माती वाहायला लागला. स्टिअरिंगची सवय झालेला माणूस, घमेलं उचलताना त्याची कंबर धरायची. तो वाकायचा तेव्हा ती दुसरीकडे बघायची.

ती भल्या सकाळी चिखल तुडवून ठेवायची. साच्याला राख लावायची, चिखलाचा गोळा आपटायचा, वरचा जादा हाताने काढायचा, साचा उचलायचा. तिच्या ते इतकं अंगवळणी पडलं होतं की डोळे मिटूनही केलं असतं. दुपारी मुकादम ओळीतून फिरायचा. एखाद्या विटेवर पाय ठेवायचा आणि दाबायचा.

"कोपरा गेलाय."

"आता गेला. तुमच्या पायाने."

"पायाखाली जाते ती भिंतीत काय टिकणार?" असं म्हणून तो पुढच्या विटेवर पाय ठेवायचा.

एका सकाळी दोन माणसं शिडी घेऊन आली आणि पडवीचा पत्रा काढायला लागली. बदलायचा आहे, मालकांनी सांगितलंय, असं म्हणाली. पत्रा नेला. नवीन आला नाही. आबांची बाज आत घेतली तर पाय पसरायला जागा उरेना, म्हणून आबा उघड्या बांबूंखाली बसून राहिले. दुपारचं ऊन त्यांच्या अंगावर बांबूंच्या सावल्या पाडायचं आणि ते त्या सावल्यांसोबत सरकत राहायचे.

यातल्या कशाबद्दलही मालक काही बोलले नव्हते. भेटले की हसायचे. आबांसाठी एकदा फळं पाठवली. फळं पाहून नवरा जास्तच घाबरला.

*

बारकी शाळेतून टॅब घरी आणायची. खोलीत नेटवर्क नसायचं, म्हणून सगळं शाळेत पाहून यायची आणि घरी सांगायची. त्या दिवशी आली ती दप्तर न ठेवताच आबांच्या बाजेवर बसली.

"आबा, तुमच्या खुणेखाली कुणीतरी लिहिलंय. लांबच्या शाळेतली मुलगी आहे. तिची पणजी त्या पालात होती. काय झालं ते त्यांना कुणी सांगितलंच नाही. तिने विचारलंय, अजून कुणी पाहिलं होतं का?"

आबांनी तिच्याकडे तोंड वळवलं. "मग काय लिहिलंस?"

"काही नाही. सर म्हणाले, घरी विचारून लिही."

"लिही, मी पाहिलं होतं. लिही, हवं तर येऊन भेटा. जागा दाखवतो."

"कुणी कुठे येणार नाही आणि कुणी काही दाखवणार नाही," घमेलं टेकवत नवरा म्हणाला. तो कधी येऊन उभा राहिला ते कुणाला दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मालक स्वतः त्यांच्या थापायच्या जागेवर आले. चिखलात बूट भरू नयेत म्हणून थोडं अलीकडेच थांबले. नवरा घमेलं टाकून उभा राहिला. ती साचा हातात घेऊन तशीच बसून राहिली.

"इतकं लांब कुणी बसवलं रे तुम्हाला?" मालक म्हणाले. "मुकादमाला सांगायला पाहिजे."

"चालतंय, मालक."

"तुला तर वडलांनी घरातल्यासारखं वाढवलं. तुला सांगायला नको. या वर्षी ओढा भरून घ्यायचाय, भट्टी पुढे न्यायचीय. त्यात आता लांबलांबून पोरं विचारायला लागली, तिथे कोण मेलं म्हणून. आबांचं वय झालंय. या वयात माणूस इकडचं तिकडं करतो, त्यात त्यांचा दोष नाही."

"नाही, मालक."

"सर म्हणतात, जोडलेलं काढता येत नाही. आता सरांचा नियम आपण कशाला मोडायचा? काढू नका. पुढे जोडा. त्यांच्याच तोंडून येऊ दे, की नीट आठवत नाही." मग ते तिच्याकडे वळले. "पत्रा अजून आला नाही का? काय माणसं आहेत. पोरीला थंडी बाधेल."

ते गेल्यावर तिने हातातल्या साच्याकडे पाहिलं. आतला चिखल कडेने सुकायला लागला होता.

*

भट्टीला सुट्टी होती त्या दुपारी नवऱ्याने दार लावून घेतलं. आबांना आत आणून बसवलं. बारकीने टॅब पिठाच्या डब्यावर टेकवून ठेवला.

"बोला," नवरा म्हणाला.

"काय बोलू?"

"आठवत नाही म्हणा. एवढंच."

"पाहिलेलं पाहिलं नाही असं कसं म्हणू?"

"आबा, डोक्यावर पत्रा नाही. काम गेलं तर ही खोलीही जाईल. पोरीला घेऊन कुठे जाणार आहोत आपण?"

"ते मला कळतं. पण तिकडून पोरीने विचारलंय. तिला काय सांगू?"

"तुमची नात कोण, ती का ही?"

आबा डाव्या हाताने उजवा अंगठा चोळायला लागले. हट्टाला पेटले की ते असंच करायचे. बारकीच्या आईला दोघांचंही पटत होतं, म्हणून ती चुलीकडे तोंड करून बसली.

"मग मी बोलतो," नवरा म्हणाला. "मुलगा आहे मी. चालू कर."

बारकीने आईकडे पाहिलं, मग बोट टेकवलं.

नवरा टॅबच्या अगदी जवळ तोंड नेऊन बोलायला लागला, बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं. "मी गेटवाल्या आबांचा मुलगा. आबांना आता विसर पडतो. मागे ते जे बोलले तसं काही झालं नव्हतं. पाण्याच्या जोराने गेट निखळलं. हे मी सांगतो."

तेवढ्यावर संपलं असतं. पण बारकीला शाळेत शिकवलं होतं तसंच तिने विचारलं. मुद्दाम नाही, सवयीने.

"बाबा, तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"मी घरात होतो. एकटाच. थोरले मालक आपल्याकडे आलेच नव्हते. छत्री मिटून दारात उभे वगैरे काही राहिले नव्हते. त्यांनी हँडल मागितलंच नाही."

चुलीवर पाणी उकळायला लागलं होतं. कुणी उठलं नाही.

"बाबा," बारकी हळू आवाजात म्हणाली, "त्यांनी मागितलं असं कुणी म्हणालंच नव्हतं."

नवऱ्याने तोंड मागे घेतलं. तो टॅबकडे बघत राहिला, जणू ते बोलणं तिथूनच आलं होतं.

आबांचा अंगठा चोळणारा हात थांबला. "केवढा होतास रे तू?" त्यांनी विचारलं.

"कडीला हात पोचायचा," नवरा म्हणाला.

"जड होतं ते हँडल."

"दोन्ही हातांनी उचललं."

"काय म्हणाले ते?"

"काही नाही. डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, बापाला सांगू नकोस."

बारकीच्या आईला ट्रॅक्टर आठवला. मिसरूड फुटायच्या आत बसवलेला. लग्नाला मालकांकडून आलेली भांडी. तलावाच्या बाजूने चालत आलं की गावातून घर अर्ध्या वाटेवर येतं, पण नवरा कायम लांबच्या रस्त्यानेच यायचा. तिने ते कधी विचारलं नव्हतं, चिखल असेल म्हणून.

नवरा आता भिंतीला पाठ लावून बसला होता. मोठा माणूस, पण गुडघे पोटाशी घेतले की किती थोडी जागा लागते हे तिला दिसलं.

"बारके," आबा म्हणाले, "हे शाळेत गेलं का?"

"नाही. अजून टॅबमध्येच आहे."

"पुसून टाक."

"आबा, पण..."

"पूस म्हणतो ना. माझ्यासमोर पूस."

तिने पुसलं. आबा सरकत डब्यापाशी आले. घसा मोकळा करायचा म्हणून खाकरले. "आता माझं घे."

"आबा, राहू दे," नवरा म्हणाला.

"तू गप्प बस." मग त्यांचा आवाज बदलला, सरळ झाला. "मी गेटवर चौकीदार होतो, तोच बोलतोय. मागे जे सांगितलं ते नीट आठवून सांगितलं नाही. आता वय झालंय. त्या दिवसाचं मला काही आठवत नाही. ज्या पोरीने विचारलंय तिला सांगा, इथे कुणाला काही आठवत नाही."

त्यांनी हाताने खूण केली. बारकीने बोट टेकवलं. चुलीवरचं पाणी निम्मं आटून गेलं होतं.

*

पत्रा दोन दिवसांत आला, नवाकोरा, उन्हात डोळे दिपवणारा. ट्रॅक्टर परत मिळाला. टाक्याजवळची जागा मिळाली. ते दुसरं जोडपं मुकाट उठून बाभळीच्या खुंटाकडे गेलं आणि बाई जाताना तिच्याकडे न बघता गेली. लांबच्या शाळेतल्या मुलीने पुन्हा काही लिहिलं नाही, असं बारकीने सांगितलं. सरांनी वर्गात दोन्ही रेकॉर्डिंग लावली, मुलांना काही विचारलं नाही आणि दुसरा धडा काढला. नवरा ट्रॉली भरभरून मुरूम ओढ्यात नेऊन टाकायला लागला.

मुकादमाला मात्र एक खेळ मिळाला. पडवीवरून जाताना तो थांबायचा.

"आबा, आज वार कोणता?"

पहिल्यांदा विचारलं तेव्हा आबांनी त्याच्याकडे नीट पाहिलं आणि चुकीचा वार सांगितला. मुकादम खूश होऊन गेला. दुसऱ्या दिवशी दोघांना बरोबर घेऊन आला. मग भट्टीवरची सगळीच विचारायला लागली. आबा, जेवलात का? आबा, तुमचं लग्न झालंय का? आबा कधी म्हणायचे, ठरतंय. लोक पोट धरून हसायचे. एकदा मालक पाहुण्यांना घेऊन आले. "हेच ते गेटवाले," त्यांनी दाखवलं. "आबा, मला ओळखलंत का?"

आबांनी मान हलवली. "थोरले मालक ना?"

मालकांचं हसू जरा उशिरा आलं.

लोक गेले की आबा बारकीला जवळ बोलवायचे, खरा वार सांगायचे, तारीखसुद्धा. "बरोबर आहे का?" बारकी म्हणायची, बरोबर. त्याची तिला गंमत वाटायची. तिच्या आईला वाटत नव्हती. इतक्या सफाईने चुकायचं म्हणजे दिवसभर त्याच्याच मागे असावं लागत असेल, असं तिच्या मनात यायचं. पुढे पुढे आबांनी बारकीला बोलावणं कमी केलं. विचारलं तर म्हणायचे, "उद्या सांगतो." जेवायला वाढलं की आधी ताटाकडे बघायचे, मग सुनेकडे. एकदा त्यांनी चप्पल उलटी घातली आणि तशीच ओढ्यापर्यंत जाऊन आले. कुणी बघत होतं म्हणून घातली असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. त्या बाजूला तेव्हा कुणी नव्हतं.

भट्टी लावायच्या आदल्या दिवशी नवरा दुपारीच घरी आला. केसांत, भुवयांवर मुरमाची धूळ. तो बाहेर पाय धुऊन पडवीत आला. आबा बाजेवर बसले होते. त्यांनी मान वर केली आणि त्याच्याकडे बघत राहिले.

"हा कोण गं?" त्यांनी सुनेला विचारलं.

तिने पडवीबाहेर वाकून पाहिलं. रस्ता रिकामा होता. मुकादम दूर भट्टीवर लाकडं मोजून घेत होता.

"आबा, ऐकायला इथे कुणी नाही," ती म्हणाली.

"ते मला दिसतंय. हा कोण, ते विचारतोय."

नवरा जागच्या जागी उभा राहिला. पायांचं पाणी जमिनीवर पसरत होतं. "मी आहे, आबा," तो म्हणाला.

आबांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्यात राग नव्हता, ओळखही नव्हती. मग ते बाजेवर थोडे सरकले आणि पाहुण्याला करून द्यावी तशी त्याला जागा करून दिली.

"बसा," ते म्हणाले.